नोटपॅड++: कोड घरचा, सही दुसऱ्याची, सर्व्हर तिसऱ्याचा

नोटपॅड++ हा विंडोजवर मजकूर आणि कोड लिहायचा मोफत एडिटर. २ फेब्रुवारी २०२६ रोजी त्याचे कर्ते डॉन हो यांनी त्याच्या संकेतस्थळावर एक निवेदन प्रसिद्ध केलं. जून २०२५ पासून काही निवडक लोकांच्या संगणकांवर नोटपॅड++ चं अपडेट म्हणून भलतंच काहीतरी उतरत होतं. नोटपॅड++ चा कोड कोणी बदललेला नव्हता. संकेतस्थळ ज्या भाड्याच्या सर्व्हरवर ठेवलं होतं, त्या सर्व्हरमध्ये हल्लेखोर शिरले होते. तिथून ते अपडेट मागणाऱ्यांपैकी हव्या त्या माणसाला वेगळ्याच पत्त्यावर वळवत होते. अनेक सुरक्षा-संशोधकांच्या मते हे चीनच्या सरकारी पाठबळावर चालणाऱ्या गटाचं काम असावं.

बातमी सगळीकडे आली आणि लवकरच मागंही पडली. पण मला हे प्रकरण पहिल्यापासून तपासावंसं वाटतं. पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात घरी बसून विंडोजसाठी सॉफ्टवेअर लिहिणारे बरेच जण आहेत. कोणी दवाखान्याच्या बिलांचं लिहितं, कोणी पतसंस्थेच्या खात्यांचं, कोणी शाळेच्या निकालपत्रकांचं. आपण सगळे जीव ओततो तो कोडमध्ये. ते सॉफ्टवेअर ग्राहकाच्या मशीनवर ज्या वाटेनं जातं, तिचा विचार शेवटच्या दिवशी घाईघाईत होतो. नोटपॅड++ ची हकिकत सबंध त्या वाटेचीच आहे. सॉफ्टवेअर लिहायला एकटा माणूस पुरला. ते सुखरूप पोचवायला मात्र त्याला सतत परक्यांवर विसंबावं लागलं, आणि कसोटीच्या वेळी त्यांतला कोणी ना कोणी कमी पडला.

एकट्याचं काम

डॉन हो मूळचे तैवानचे, राहतात फ्रान्समध्ये. २००३ साली ते नोकरी करत होते त्या कंपनीत जेएक्स्ट नावाचा, जावामध्ये लिहिलेला एडिटर वापरात होता. तो संथ चालायचा. त्याऐवजी सी++ मध्ये नवा एडिटर लिहिण्याची त्यांची कल्पना कंपनीनं नाकारली. मग त्यांनी तो फावल्या वेळात लिहिला आणि नोव्हेंबर २००३ मध्ये सोर्सफोर्ज या मुक्त सॉफ्टवेअरच्या संकेतस्थळावर मोकळा केला. मजकूर दाखवणं, रंगवणं, दुमडणं हे अवघड काम त्यांनी नव्यानं केलं नाही. त्यासाठी नील हॉजसन यांचं सिंटिला हे मुक्त घटक-सॉफ्टवेअर घेतलं. स्वतःचा वेळ त्यांनी त्याच्या भोवतीच्या कामाला दिला: टॅब, शोधा-बदला, मॅक्रो, प्लगइन.

एक निर्णय इथं महत्त्वाचा आहे. मॅक आणि लिनक्सवरही चालावं म्हणून डब्ल्यूएक्सविजेट्स हा अनेक प्रणालींवर चालणारा तयार कोड-संच वापरायचा विचार त्यांनी केला होता आणि सोडून दिला. थेट विंडोजच्या मूळ एपीआयवर (प्रोग्रामनं विंडोजशी बोलायच्या आज्ञांवर) लिहिलं. त्यामुळे प्रोग्राम आकारानं लहान राहिला, जुन्या मशीनवरही चटकन उघडू लागला. एकट्या माणसानं तीन प्लॅटफॉर्म सांभाळण्यापेक्षा एकच नीट सांभाळावा, हा माझ्या मते त्यांचा सगळ्यात शहाणपणाचा निर्णय. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रामरांच्या संकेतस्थळाच्या २०१५ च्या सर्वेक्षणात २६,०८६ जणांनी एडिटरबद्दल उत्तर दिलं. त्यात ३४.७ टक्क्यांसह नोटपॅड++ पहिला होता.

आपल्याकडे तो कॉलेजच्या लॅबपासून आयटी कंपन्यांपर्यंत सगळीकडे दिसतो. मराठी मजकुराशी रोज झगडणाऱ्यांना त्याचा एन्कोडिंगचा (अक्षरं साठवायच्या पद्धतीचा) मेनू चांगलाच माहीत आहे. सरकारी पोर्टलवरून उतरवलेल्या सीएसव्ही फाइलमध्ये गावांच्या नावांच्या जागी चित्रविचित्र अक्षरं दिसू लागली, की पहिलं काम म्हणजे फाइल नोटपॅड++ मध्ये उघडून तिचं एन्कोडिंग पाहणं आणि यूटीएफ-८ करून ठेवणं. त्याच्या मेनूंचा मराठी अनुवादही उपलब्ध आहे.

हा सगळा पसारा उभा राहिला आणि त्याच्यामागं कंपनी नव्हती. कोड कोणालाही वापरू-बदलू देणारा जीपीएल परवाना, ऐच्छिक देणग्या, कोड पाठवणारे स्वयंसेवक आणि अखेरचा शब्द एका माणसाचा. २०१० मध्ये अमेरिकी निर्बंधांमुळे तिथल्या होस्टिंग सेवांना इराण, क्यूबा, सीरियासारख्या देशांतल्या लोकांना वाट बंद करावी लागली. ते मुक्त सॉफ्टवेअरच्या तत्त्वात बसत नाही म्हणून हो यांनी डाउनलोड फ्रान्समधल्या टक्सफॅमिली या होस्टिंग सेवेवर हलवले. म्हणजे सर्व्हर कोणाच्या हद्दीत आहे हा प्रश्न त्यांना पंधरा वर्षांपूर्वीच पडला होता. सर्व्हरच्या किल्ल्या कोणाकडे आहेत, हा प्रश्न पुढं आला.

सहीचं प्रकरण

विंडोजवर इंटरनेटवरून इन्स्टॉलर उतरवला की त्या फाइलला ती बाहेरून आल्याची खूण लागते. उघडायला गेलं की विंडोजचा स्मार्टस्क्रीन हा पहारेकरी ती तपासतो. फाइल अनोळखी असेल तर निळी पाटी येते आणि ‘तरीही चालवा’ हे बटण ‘अधिक माहिती’च्या मागं दडलेलं असतं. पुढं प्रशासकाची परवानगी मागणाऱ्या खिडकीत प्रकाशक ‘अज्ञात’ म्हणून दिसतो. प्रोग्रामर माणूस हे सगळं ओलांडून जातो. पतसंस्थेतला हिशेबनीस जात नाही. तो फोन करून विचारतो, “साहेब, यात व्हायरस आहे का?”

यावर उपाय म्हणजे डिजिटल सही. सर्टिफिकेट देणारी संस्था तुमची ओळख तपासते आणि तुमच्या सहीच्या डिजिटल किल्लीला तुमचं नाव जोडून देते. त्या किल्लीनं इन्स्टॉलरवर सही केली की दोन गोष्टी कळतात: ही फाइल अमुक नावाच्या माणसाची किंवा संस्थेची आहे, आणि सही झाल्यापासून तिच्यात एक बाइटही बदललेला नाही. सहीसोबत वेळेचा शिक्का मारून घेतला असेल तर सर्टिफिकेटची मुदत संपल्यावरही जुन्या फाइलवरची सही टिकते. नव्या फाइलवर मात्र सही करता येत नाही. प्रोग्राम चांगला आहे की वाईट याची खात्री कोणीच देत नाही. तपासलं जातं ते नाव.

नोटपॅड++ ला २०१६ मध्ये डिजिसर्ट या सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेनं तीन वर्षांचं सर्टिफिकेट देणगी म्हणून दिलं. मार्च २०१७ मध्ये विकिलीक्सनं सीआयएची कागदपत्रं उघड केली. नोटपॅड++ सोबतची सिंटिलाची डीएलएल (प्रोग्रामला जोडलेली कोडची फाइल) बदलून त्याच्या आडून हेरगिरी करण्याची युक्ती त्यात नोंदलेली होती. हो यांनी लगेच ७.३.३ आवृत्ती काढली. एडिटर सुरू होताना त्या डीएलएलचं सर्टिफिकेट तपासायचं, बरोबर नसेल तर सुरूच व्हायचं नाही. ज्याच्या हाती तुमचा संगणक आधीच गेला आहे तो काहीही करू शकतो, हे त्यांनी तेव्हाच स्पष्ट लिहिलं होतं. घरात शिरायचंच ठरवलेल्याला कुलूप अडवत नाही, तरी मी रोज सकाळी दार बंद करून कुलूप लावतो, असा त्यांच्या लिहिण्याचा आशय होता. मला तो पूर्ण पटतो. पण हे कुलूप आतल्या दाराला होतं, हे पुढं आठ वर्षांनी दिसलं.

तीन वर्षांची मुदत २०१९ मध्ये संपली. हो पैसे मोजून नवं सर्टिफिकेट घ्यायला तयार होते. त्यांना त्यावर ‘नोटपॅड++’ हे नाव हवं होतं. ते मिळेना, कारण त्या नावाची कंपनी किंवा संस्था कागदोपत्री कुठंच नव्हती. बरेच तास त्यात गेल्यावर त्यांनी वैतागून प्रयत्न थांबवला आणि मार्च २०१९ मध्ये ७.६.४ सहीविना प्रसिद्ध केली. इन्स्टॉलरसोबत एसएचए-२५६ हॅश (फाइल मूळचीच आहे ना ते जुळवून पाहायचे आकडे) दिले; पुढं जीपीजी या मुक्त साधनानं केलेल्या सहीची सोय केली. विशेष म्हणजे युरोपीय संघाच्या, मुक्त सॉफ्टवेअर तपासणाऱ्या फोसा उपक्रमात सापडलेल्या सुरक्षा-त्रुटी याच ७.६.४ मध्ये दुरुस्त झाल्या होत्या. जी आवृत्ती लोकांनी सर्वांत आधी घ्यायला हवी होती, तिच्याच कपाळी विंडोजनं अज्ञात प्रकाशकाची पाटी लावली.

या भांडणात मला दोन्ही बाजू खऱ्या वाटतात. सर्टिफिकेट देणाऱ्यानं कागद न पाहता कोणालाही ‘नोटपॅड++’ हे नाव द्यायला सुरुवात केली, तर उद्या एखादा भामटा तेच नाव घेऊन येईल. हो यांची हरकतही वाजवी होती. ते स्वतःच्या वैयक्तिक नावानं सही करू शकले असते. पण लोक नोटपॅड++ ला ओळखतात. परवानगीच्या खिडकीत एखाद्या अनोळखी व्यक्तीचं नाव दिसलं तर सामान्य माणूस जास्तच बिचकेल. जगभर प्रसिद्ध असलेली पण कायद्याच्या दृष्टीनं अस्तित्वातच नसलेली गोष्ट या व्यवस्थेच्या कुठल्याही रकान्यात बसत नाही.

फ्रान्समध्येच याचं एक वेगळं उत्तर सापडतं. व्हीएलसी प्लेयर हाही तिथलाच. १९९६ मध्ये एकोल सांत्राल पारीच्या विद्यार्थ्यांनी तो प्रकल्प सुरू केला आणि आज तो व्हिडिओलॅन या फ्रेंच कायद्याखाली नोंदलेल्या ना-नफा संस्थेमार्फत चालतो. व्हीएलसीच्या विंडोज इन्स्टॉलरवर नाव दिसतं ते त्या संस्थेचं. नोंदणी करायची म्हणजे सभासद, सभा, हिशेब हे सगळं आलं. एकट्यानं काम करणाऱ्याला ते नको वाटणं स्वाभाविक आहे. तरी माझं मत असं, की ज्या दिवशी सॉफ्टवेअर अनोळखी माणसांच्या हाती जाऊ लागतं त्या दिवशी त्याच्या नावामागं एखादा सरकारी कागद असायला हवा. आपल्याकडे त्यासाठी कंपनी काढायची गरज नाही. व्यवसायाच्या नावानं उद्यम नोंदणी किंवा शॉप ॲक्टचा दाखला काढून ठेवणं एकट्या माणसालाही जमतं. सॉफ्टवेअरचं नाव आणि व्यवसायाचं नाव पहिल्या दिवसापासून एक ठेवलं तर पुढचे अर्ज सोपे जातात.

नोटपॅड++ ला पुढं पुन्हा सर्टिफिकेट मिळालं आणि काही वर्षं सहीचा प्रश्न मिटल्यासारखा वाटला.

२०२५ चा उन्हाळा

मधल्या काळात नियम कडक झाले होते. १ जून २०२३ पासून सहीची खासगी किल्ली साध्या फाइलमध्ये ठेवायला मनाई आली. ती प्रमाणित हार्डवेअर टोकनवर (पेनड्राइव्हसारख्या उपकरणावर) किंवा तसल्याच सुरक्षित सेवेत असावी लागते. १ मार्च २०२६ पासून तर कोड सहीच्या सर्टिफिकेटची कमाल मुदत ४६० दिवसांवर आली आहे. मोठ्या कंपनीत यासाठी वेगळा माणूस असतो. छोट्या डेव्हलपरला दरवर्षी पैसे, कागदपत्रं, टोकनची वाट पाहणं हे सगळं स्वतःच करावं लागतं. जास्त कसून ओळख तपासून मिळणाऱ्या महागड्या ईव्ही प्रतीच्या सर्टिफिकेटला स्मार्टस्क्रीन पूर्वी लगेच वाट देत असे. तीही सवलत आता राहिलेली नाही.

नोटपॅड++ चं सर्टिफिकेट मे २०२५ मध्ये संपलं. त्याच सुमारास ८.८.१ च्या इन्स्टॉलरमध्ये एक गंभीर त्रुटी उघड झाली; तिचा जाहीर नोंदक्रमांक सीव्हीई-२०२५-४९१४४. इन्स्टॉलर चालताना विंडोजचा एक सहायक प्रोग्राम पूर्ण पत्ता न देता बोलावत होता. त्याच फोल्डरमध्ये कोणी त्या नावाचा खोटा प्रोग्राम ठेवला तर तोच वरच्या अधिकारांनिशी चालायचा. डाउनलोड्स फोल्डरमध्ये काय काय पडलेलं असतं ते आठवा. दुरुस्ती ८.८.२ मध्ये आली. पण सर्टिफिकेट हाताशी नव्हतं आणि अँटिव्हायरस या इन्स्टॉलरवर संशय घेऊ लागले.

जुलैमध्ये ८.८.३ सोबत हो यांनी वेगळा मार्ग घेतला. स्वतःचं मूळ सर्टिफिकेट बनवलं, त्यानं इन्स्टॉलरवर सही केली आणि ज्यांना हवं त्यांनी ते मूळ सर्टिफिकेट आपल्या विंडोजमध्ये बसवून घ्यावं, असं सुचवलं.

सबंध प्रकरणातला त्यांचा हा सगळ्यात कमकुवत निर्णय होता, असं मला वाटतं. तो का घेतला हे समजतं. कोणाच्या दारात उभं न राहता सही करता यावी, ही त्यामागची तळमळ खरी आहे. पण मूळ सर्टिफिकेट बसवणं म्हणजे त्या किल्लीच्या मालकानं जे जे प्रमाणित केलं ते ते आपल्या संगणकानं खरं मानावं, अशी मुभा देणं. एका एडिटरसाठी ही किंमत फार आहे. शिवाय ज्या साध्या वापरकर्त्यासाठी हा खटाटोप, तो मूळ सर्टिफिकेट बसवणार नाही. बसवेल तो जाणकार, आणि त्याला सही तपासायचे दुसरे मार्ग आधीच ठाऊक असतात. काही महिन्यांनी, ८.८.७ पासून, ग्लोबलसाइन या सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थेनं दिलेलं रीतसर सर्टिफिकेट आलं आणि हा तात्पुरता मार्ग बंद झाला.

ज्या महिन्यांत सहीचा हा गोंधळ चालू होता, त्याच महिन्यांत सर्व्हरवर हल्लेखोर बसलेले होते. एकामुळे दुसरं झालं असं मी म्हणत नाही. पण एकाच माणसाचं लक्ष दोन्हीकडे कसं पुरणार?

अपडेट कुठून येत होतं

नोटपॅड++ चा अपडेटर म्हणजे विनगप नावाचा छोटा प्रोग्राम. तो संकेतस्थळावरच्या एका पीएचपी पानाला, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामला, आपली आवृत्ती सांगतो. पान उत्तरादाखल लहानशी एक्सएमएल फाइल पाठवतं: नवी आवृत्ती आहे का, असेल तर कुठल्या पत्त्यावरून उतरवायची. विनगप त्या पत्त्यावरचा इन्स्टॉलर आणतो आणि चालवतो. आपल्यापैकी बहुतेकांनी अपडेटर लिहिला असेल तो जवळपास असाच.

यात सगळा विश्वास एक्सएमएलमधल्या त्या पत्त्यावर आहे. सर्व्हर ताब्यात असलेल्यानं पत्ता बदलला की पुढचं सगळं आपोआप घडतं. हल्लेखोरांनी नेमकं तेच केलं. शिवाय सगळ्यांना वळवलं नाही. ठरावीक लोकांनाच खोटा पत्ता दिला, बाकी लाखोंना खरं अपडेट मिळत राहिलं. म्हणून महिनोन्महिने कोणाला संशय आला नाही. होस्टिंग कंपनीनं नोंदी तपासून जे कळवलं ते हो यांनी निवेदनात दिलं आहे. त्या सामायिक सर्व्हरवर इतरही ग्राहकांची संकेतस्थळं होती, पण हल्लेखोर नोटपॅड++ चंच नाव शोधत आले होते. २ सप्टेंबर २०२५ रोजी सर्व्हरचं कर्नल आणि फर्मवेअर (त्याची मूळ प्रणाली) अद्ययावत झालं, तेव्हा त्यांचा सर्व्हरवरचा ताबा सुटला. तरी आतल्या सेवांचे पासवर्ड त्यांच्याकडे होतेच. त्या जोरावर ते २ डिसेंबरपर्यंत वाहतूक वळवू शकत होते.

होस्टिंग एचटीटीपीएसवर (सांकेतिक, सुरक्षित जोडणीवर) होतं का, पासवर्ड मजबूत होता का, असे प्रश्न इथं गैरलागू आहेत. जोडणी सुरक्षित होती, फक्त पलीकडे बसलेला माणूस दुसरा होता. आठ वर्षांपूर्वी स्वतःच्या डीएलएलची सही तपासायला शिकलेला हा प्रोग्राम बाहेरून येणाऱ्या इन्स्टॉलरची तपासणी पुरेशी करत नव्हता. जुन्या आवृत्त्यांतली ही उणीव निवेदनात मान्य केलेली आहे.

दुरुस्ती टप्प्याटप्प्यानं झाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये ८.८.८ मध्ये विनगपला बंधन घातलं, की इन्स्टॉलर गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरूनच घ्यायचा. डिसेंबरच्या सुरुवातीला केव्हिन बोमाँट या सुरक्षा-संशोधकानं जाहीरपणे लिहिलं, की पूर्व आशियात हितसंबंध असलेल्या काही संस्थांमध्ये नोटपॅड++ च्या प्रक्रियेतून घुसखोरी झालेली दिसते. ९ डिसेंबरला ८.८.९ आली. आता उतरवलेल्या इन्स्टॉलरची सही आणि सर्टिफिकेट दोन्ही तपासली जातात आणि जुळलं नाही तर अपडेट तिथंच थांबतं. त्यानंतर सर्व्हरनं पाठवलेल्या एक्सएमएलवरही सही होऊ लागली आणि फेब्रुवारीतल्या ८.९.२ पासून ती तपासणं सक्तीचं झालं. संकेतस्थळ दुसऱ्या होस्टिंग कंपनीकडे हलवलं. रॅपिड-७ या सुरक्षा कंपनीनं हल्ल्यात वापरलेल्या मागच्या दाराचं (संगणकात गुपचूप शिरू देणाऱ्या प्रोग्रामचं) विश्लेषण करून हा हल्ला लोटस ब्लॉसम नावानं ओळखल्या जाणाऱ्या गटाशी जोडला.

एका छोट्या एडिटरमागं एवढी ताकद का लावली गेली, याचं उत्तर त्याच्या वापरकर्त्यांत आहे. नेटवर्क सांभाळणारे, सर्व्हरच्या कॉन्फिगरेशन फाइल उघडणारे, बँकांत आणि सरकारी कार्यालयांत बसलेले प्रशासक रोज नोटपॅड++ वापरतात. हो हे आपली राजकीय मतं आवृत्त्यांच्या नावांतून उघडपणे मांडत आले आहेत हेही खरं. जानेवारी २०१५ मध्ये शार्ली हेब्दोच्या समर्थनार्थ काढलेल्या आवृत्तीनंतर त्यांचं संकेतस्थळ विद्रूप केलं गेलं होतं, २०१९ मध्ये उइगुरांच्या नावानं काढलेल्या आवृत्तीनंतर त्यांच्या गिटहबवर विरोधी मजकुराचा मारा झाला होता. त्यांनी बोलू नये असं मी कधीच म्हणणार नाही. पण आपण इतके लहान, आपल्याकडे कोण बघतो, हे समाधान छोट्या डेव्हलपरला परवडत नाही. त्याचं सॉफ्टवेअर कोणाच्या टेबलावर आहे, यावर हल्लेखोर त्याची किंमत ठरवतो. जिल्हा बँकेच्या शाखांमध्ये चालणारं बिलांचं सॉफ्टवेअर एकट्यानं लिहिलं असलं तरी ते बँकेत चालतंय.

आपल्या अपडेटरपुरतं

मी स्वतः विंडोजसाठी छोटी सॉफ्टवेअरं देतो, म्हणून हे प्रकरण वाचताना माझं लक्ष एकाच गोष्टीकडे जात होतं. हा हल्ला अडवू शकणारं निर्णायक कुलूप विनामूल्य होतं. त्यासाठी ना सर्टिफिकेट लागतं, ना कंपनी.

एड-२५५१९ या सही-पद्धतीची किल्ल्यांची जोडी आपली आपण बनवायची: खासगी किल्लीनं सही होते, सार्वजनिक किल्लीनं ती तपासली जाते. सार्वजनिक किल्ली प्रोग्राममध्येच बसवायची. खासगी किल्ली सर्व्हरवर कधीही जाता कामा नये; ती आपल्या मशीनवर पासवर्डखाली आणि दोन वेगळ्या जागी ठेवलेल्या पेनड्राइव्हवर. प्रत्येक इन्स्टॉलरवर आणि ‘नवी आवृत्ती ही’ असं सांगणाऱ्या फाइलवर त्या किल्लीनं सही करायची. अपडेटरनं दोन्ही सह्या तपासायच्या, आवृत्तीचा क्रमांक आधीपेक्षा मोठा आहे ना तेही पाहायचं, आणि काहीही चुकलं तर फाइल न चालवता पुसून टाकायची. क्रमांक पाहणं अनेक जण विसरतात. तो पाहिला नाही तर हल्लेखोर तुमचीच खरी सही असलेली, पण भोकं असलेली जुनी आवृत्ती परत पाठवू शकतो. मॅकवर स्पार्कल आणि विंडोजवर विनस्पार्कल हे तयार घटक इन्स्टॉलरवरची अशी सही तपासतात, तेव्हा सगळं हातानं लिहायचीही गरज नाही.

एवढं केलं की होस्टिंग कोणाचंही असो, तिथं शिरलेला माणूस फार तर अपडेट बंद पाडू शकतो. खोटं अपडेट देऊ शकत नाही. किल्ली हरवली तर मात्र जुन्या ग्राहकांना अपडेट पोचवता येणार नाही, म्हणून ते दोन पेनड्राइव्ह. आणि अपडेटची फाइल साधी, स्थिर ठेवावी. दोनशे रुपये महिन्याच्या सामायिक होस्टिंगवर, जुन्या वर्डप्रेसच्या शेजारी, पीएचपीनं कोणाला काय द्यायचं ते ठरवणं टाळावं.

विंडोजच्या निळ्या पाटीचा प्रश्न यानं सुटत नाही. तो वेगळा आहे. प्रकल्प मुक्त असेल तर साइनपाथ फाउंडेशन विनामूल्य सही करून देते, मात्र प्रकाशक म्हणून नाव त्या फाउंडेशनचं दिसतं. हो यांना जे नाव हवं होतं ते असं मिळालं नसतं. एमएसआयएक्स या विंडोजच्या पॅकेज-स्वरूपात मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून सॉफ्टवेअर दिलं तर सही स्टोअरच करतं. बदल्यात स्टोअरचे नियम पाळावे लागतात. नाहीतर रीतसर सर्टिफिकेट, टोकन आणि दरवर्षीचा खर्च. व्यवसाय म्हणून विकत असाल तर हा खर्च परवान्याच्या किमतीत पहिल्या दिवसापासून धरा आणि मुदत संपण्याच्या तीन महिने आधी अर्ज करा. ओळख तपासण्यात लागणारा वेळ आपल्या हातात नसतो.

नोटपॅड++ वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट अजून बाकी आहे. ८.८.९ च्या आधीची आवृत्ती मशीनवर असेल तर तिच्यातला अपडेटर नवी तपासणी करत नाही, त्यामुळे त्याच्याकडून अपडेट घेऊ नका. शेवटच्या ‘?’ मेनूत आवृत्तीचा क्रमांक पाहा. जुना असेल तर अधिकृत संकेतस्थळावरून किंवा गिटहबवरच्या प्रकल्पाच्या पानावरून नवा इन्स्टॉलर स्वतः उतरवा, त्याच्या गुणधर्मांमध्ये डिजिटल सहीचा टॅब उघडून नाव तपासा आणि मगच चालवा. कॉलेजच्या लॅबमध्ये एकदा बसवलेला नोटपॅड++ वर्षानुवर्षं तसाच पडून असतो. तिथल्या प्रयोगशाळा-सहायकांपर्यंत हे पोचवता आलं तर अवश्य पोचवा.